मॅजिकचा ड्राफ्ट आणि डेक टेस्टिंग: या चुका टाळा

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात ड्राफ्ट म्हणजे पॅक फोडायचं, एक कार्ड उचलायचं (हे पिक), उरलेलं शेजाऱ्याला द्यायचं आणि जमलेल्या कार्डांतून डेक बांधायचा. त्याला नवा माणूस बसला, की पहिल्या पॅकमधलं मिथिक रेअर, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ जातीचं कार्ड, बघून त्याचे डोळे चमकतात. पुढचे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

ब्लूमबरो हा सेट आला तेव्हाची गोष्ट. आमच्या आठजणांच्या टेबलावर एका मित्राला पहिल्याच पॅकमध्ये 'माहा, इट्स फेदर्स नाइट' लागलं. पाच मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायचं इंधन, ते लँड कार्डांतून मिळतं), ताकद ६ आणि टिकाव ५ असलेला उडणारा काळा पक्षी. गडी खूश! मग काळं दिसलं की उचल, कितीही टुकार असो. इकडे उजवीकडून येणाऱ्या पॅकमध्ये पाचव्या पिकला 'कॅरट केक' आलं. त्या सेटमधल्या सगळ्यात भारी कॉमन (सहज मिळणाऱ्या) कार्डांपैकी ते एक, रंगाने पांढरं. चार जणांच्या हातून निसटून ते पाचव्यापर्यंत पोचतं, म्हणजे वरच्या बाजूला पांढऱ्याला फारसं कुणी विचारत नाहीये. पुढच्याच पॅकमध्ये एक चांगला पांढरा ससाही होता. पठ्ठ्याने दोन्ही डावीकडे सरकवले. नवव्या पिकला त्याचं पहिलं पॅक फिरून परत आलं, तर त्यातली काळी कार्डं एकूण एक गायब. तरी हा ढिम्म. शेवटी २३ कार्डं भरताना हिरवं घ्यावं लागलं, पांढरंही घ्यावं लागलं. लँड्स: ७ स्वॉम्प (काळ्या मानासाठी), ६ फॉरेस्ट (हिरव्या), ४ प्लेन्स (पांढऱ्या). माहाला दोन काळे माना लागतात. पहिल्या मॅचच्या दोन्ही डावांत माहा हातात आणि टेबलावर स्वॉम्प एकच. वर आम्हालाच ऐकवतो, "अरे, पण माझ्याकडे माहा होतं ना!"

माझी सवय सांगतो. पहिली चार पिकं रंग न बघता, जे ताकदवान ते. त्यानंतर उशिरापर्यंत काय उरतंय इकडे लक्ष. पहिलं पॅक पुढे देताना त्यातली दोन चांगली कार्डं मनात ठेवायची. १४ कार्डांचं पॅक आठजणांत फिरून नवव्या पिकला तुमच्याकडेच येतं, तेव्हा त्यातलं काय उडालं ते बघायचं. दुसरं पॅक उलट दिशेने फिरतं, त्यामुळे डावीकडच्यांना काय खायला घातलंय हेही आठवलेलं बरं.

आता दुसरा आजार: सेव्हनटीन लँड्स या आकडेवारीच्या साइटवरची कार्डांची यादी उघडी ठेवून प्रत्येक पिक करणं. कार्ड सुरुवातीच्या हातात असताना किंवा नंतर ओढलं गेलं असताना किती डाव जिंकले, एवढंच त्यातली जिंकण्याची टक्केवारी सांगते. तुमच्याकडे सहा पाच-मानी कार्डं झालीत आणि दोन मानाचं एकही नाही, हे तिला काय माहीत? शिवाय तिथे डाव नोंदवणारे बहुतेक मुरलेले खेळाडू, त्यामुळे सरासरीच ५० टक्क्यांच्या वर. म्हणून ५४ चा आकडा बघून हुरळून जाऊ नका. यादी ड्राफ्ट संपल्यावर बघा, तेव्हा ती खरंच शिकवते.

१६ लँड्सचा हट्ट सोडा. अरिनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन अॅपवर, बेस्ट-ऑफ-वनमध्ये (एकाच डावाच्या मॅचमध्ये) प्रोग्राम सुरुवातीचा हात डेकमधल्या लँडच्या प्रमाणाजवळचा निवडतो, म्हणून तिथे चालून जातं. कागदी कार्डांना कुणी असं गोंजारत नाही. ४० मध्ये १७, आणि डेक फारच हलका असेल तरच कमी.

हातात लँड एकच, तरी "येईल की पुढच्या ड्रॉला" म्हणून ठेवणं: नको.

टेस्टिंगमधली घाई तर विचारूच नका. दहा डावांत सात जिंकले की "डेक झाला!" अहो, निव्वळ निम्मे डाव जिंकणारा डेकसुद्धा दहापैकी सात किंवा जास्त डाव साधारण १७ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे साधारण सहा वेळांतून एकदा तसं होणारच. आणि हे दहा डाव कुठले, तर सगळे साइडबोर्डाआधीचे (साइडबोर्ड म्हणजे डावांच्या मधे अदलाबदलीसाठी बाजूला ठेवलेली कार्डं). बेस्ट-ऑफ-थ्रीमध्ये दुसरा आणि तिसरा डाव साइडबोर्ड केल्यावरच होतो, म्हणजे स्पर्धेतले निम्म्याहून कमी नाहीत इतके डाव तुम्ही तपासलेच नाहीत. मी निम्मे डाव साइडबोर्डासकट खेळतो, पहिली पाळी आलटून पालटून घेतो आणि मधे एकदा मित्राशी डेक बदलतो. आपला डेक समोरून कसा दिसतो, हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

हरल्यावर एकदम सहा कार्डं बदलू नका. कशाने फरक पडला, ते कळणारच नाही. दोन बदला, पुन्हा खेळा. वहीत "लँडने मारलं" असं लिहायची मला बंदी आहे, मीच घातलेली. डाव कुठल्या टर्नला हातातून गेला, तो आकडा लिहायचा.

सरावात चाल मागे घ्यायची परवानगी देऊ नका. आणि रात्री दोन वाजता कुणीतरी पाठवलेली डेकलिस्ट घेऊन सकाळच्या स्पर्धेला जाणाऱ्यांनी निदान साइडबोर्डातली १५ कार्डं कशासाठी आहेत, ते रिक्षात बसल्यावर तरी वाचावं.