कंबरदुखीवर अभ्यास करताय? आधी केसची व्याख्या पक्की करा

विषय हातात आला की नवखी मंडळी थेट जोखमीच्या घटकांची यादी करायला बसतात: वजन, बैठं काम, धूम्रपान, ताण. यादी राहू द्या. तुमच्या अभ्यासात कंबरदुखीची केस कुणाला म्हणायचं, ते एका वाक्यात लिहून प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) टाका. हे ढिसाळ राहिलं तर चूक लक्षात येते ती सगळे फॉर्म भरून झाल्यावर, आणि तेव्हा काहीही दुरुस्त होत नाही.

"तुम्हाला कंबरदुखी आहे का?" एवढं विचारून भागत नाही. कुठे दुखतं, कोणत्या काळात दुखलं आणि त्यानं काय अडलं, हे तिन्ही प्रश्नात हवं. जागा म्हणजे बाराव्या बरगडीच्या खालच्या कडेपासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंत. हे तोंडी सांगू नका. पाठमोऱ्या आकृतीवर तेवढा भाग रंगवून दाखवा, नाहीतर कुणी खांद्याचं दुखणं सांगेल, कुणी मांडीचं. काळ मागच्या 4 आठवड्यांचा. शिवाय, एका दिवसापेक्षा जास्त काळ नेहमीची कामं अडली किंवा दिनक्रम बदलावा लागला का, हेही विचारायचं. पाळीतलं आणि तापातलं दुखणं धरायचं नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या डेल्फी सहमतीतली (तज्ज्ञांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घेऊन ठरवलेली) ही किमान व्याख्या आहे. ती मुकाट्यानं वापरा. स्वतःची नवी व्याख्या घडवण्याची हौस हा माझ्या मते निव्वळ अहंकार आहे. तुमच्या आकड्याची तुलना मग कशाशीच होत नाही.

काळ बदलला की आकडाही बदलतो. 165 अभ्यासांच्या 2012 च्या आढाव्यात 'आत्ता दुखतंय' या प्रश्नाची सरासरी सुमारे 12 टक्के आली आणि एका महिन्याच्या प्रश्नाची सुमारे 23. नॉर्डिक प्रश्नावली (स्नायू-सांध्यांच्या दुखण्यांसाठीची एक प्रचलित प्रश्नावली) 12 महिने आणि 7 दिवस असे दोन काळ विचारते. तिचा 12 महिन्यांचा आकडा दुसऱ्याच्या 4 आठवड्यांच्या आकड्याशेजारी ठेवून "आमच्याकडे प्रमाण दुप्पट" लिहिणारे प्रबंध आजही पास होतात, हे दुर्दैव. लांबच्या काळाला आणखी एक दुखणं जडलेलं असतं: चौदा महिन्यांपूर्वीचा त्रास लोक बिनदिक्कत 'गेल्या वर्षी'त बसवतात आणि किरकोळ दुखणी साफ विसरतात. 'आयुष्यात कधी दुखली का' हा प्रश्न तर टाळाच.

इन्सिडन्स, म्हणजे ठरावीक काळात नव्यानं सुरू झालेली दुखणी, मोजायचा असेल तर काम आणखी अवघड, कारण हे दुखणं जातं आणि परत येतं. 24 तासांहून जास्त दुखणं, आणि आधी व नंतर किमान एक महिना दुखण्याविना, म्हणजे एक एपिसोड, अशी एक प्रचलित व्याख्या आहे. पहिला प्रकल्प असेल तर क्रॉस-सेक्शनलच (सगळं एकाच वेळी विचारणारा अभ्यास) करा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कारण आणि परिणामाची भाषा आवरा: दुखतं म्हणून बैठं काम पत्करलेले लोकही तुमच्या 'बैठं काम' गटात असतात. ज्यांना फारच त्रास झाला ते नोकरी सोडून गेलेले असतात, म्हणून कष्टाचं काम निरुपद्रवी दिसू शकतं.

नमुन्याचं गणित सोपं आहे. अपेक्षित प्रमाण 25 टक्के आणि अचूकता अधिक-उणे 5 धरली तर 289 माणसं. क्लस्टर पद्धत (सुटी माणसं न निवडता गावं किंवा वस्त्या निवडणं) असेल आणि डिझाइन इफेक्ट, म्हणजे त्यासाठी नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, 2 धरला तर 578, आणि 20 टक्के लोक प्रतिसाद देणार नाहीत असं धरलं तर 723 जणांपर्यंत पोचावं लागतं.

विश्लेषणात ऑड्स रेशोपासून सावध. प्रत्येक गटात दुखणाऱ्यांना न दुखणाऱ्यांनी भागायचं आणि त्या दोन उत्तरांचं गुणोत्तर काढायचं, तो हा. एका गटात 40 टक्के आणि दुसऱ्यात 20 असतील तर प्रमाण दुप्पट असतं, पण ऑड्स रेशो 2.67 येतो. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दुखण्यात प्रिव्हॅलन्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या टक्केवारींचं सरळ गुणोत्तर, द्या. रोबस्ट व्हेरिअन्ससह पॉइसन रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धतीनं तो निघतो. सॉफ्टवेअर जे आपोआप देतं तेच छापा म्हणणारा मार्गदर्शक बदलता येत नसेल, तर निदान दोन्ही आकडे छापा.

एमआरआय जोडायचा मोह होईल. काही दुखत नसलेल्यांच्याही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात: 2015 च्या आढाव्यात विशीतल्यांमध्ये 37 टक्के, ऐंशीच्या वयात 96 टक्के. त्यामुळे एमआरआयवरून केस ठरवू नका. तो पैसा प्रश्नावलीच्या पायलटवर (आधीच्या छोट्या चाचणीवर) घाला. त्याच लोकांना आठवड्याभरानं तोच प्रश्न परत विचारा आणि कप्पा (kappa, दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा. उत्तरं फिरत असतील तर प्रश्नाचे शब्द बदलून पायलट पुन्हा घ्या.