ग्लुटेनविरहित ब्रेड खाली बसतो? या चुका टाळा

ज्वारीच्या पिठाचा ब्रेड फुगला नाही की बहुतेक जण यीस्टचे प्रमाण वाढवतात. पण दोष यीस्टचा नसतो. यीस्टमुळे तयार होणारा वायू गव्हाच्या कणकेत ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनाच्या, जाळ्यात अडकून राहतो. ज्वारी, तांदूळ किंवा नाचणी यांत ते जाळेच नसल्याने वायू निसटतो आणि ब्रेड खाली बसतो. वायू अडकवण्याचे हे काम दुसऱ्या पदार्थाकडून करून घ्यावे लागते, आणि घरच्या ब्रेडसाठी मला इसबगोलाच्या भुशीइतके भरवशाचे दुसरे काही वाटत नाही. ५०० ग्रॅम पिठाला २० ते २५ ग्रॅम भुशी घ्यावी व ती आधी पाण्यात 10 मिनिटे भिजवून तिची दाट खळ होऊ द्यावी. झँथन गम या पदार्थ दाट करणाऱ्या पावडरीचे नेमके उलट आहे: तो पाण्यात टाकल्यास गुठळ्या होतात, म्हणून कोरड्या पिठातच मिसळावा, आणि तोही ३ ते ५ ग्रॅमच, कारण जास्त झाल्यास ब्रेड रबरासारखा लागतो.

सर्वांत मोठी चूक पाण्याची होते. ५०० ग्रॅम पिठाला जवळजवळ तितकेच पाणी लागते. मिश्रण सैल दिसले म्हणून वरून पीठ घातले, की ब्रेड कोरडा आणि भुसभुशीत झालाच म्हणून समजा. भाकरी करणाऱ्यांना ज्वारीची उकड ठाऊक असते. तीच युक्ती येथेही उपयोगी पडते. पिठाचा पाचवा हिस्सा उकळत्या पाण्यात उकडून घेतल्यास चिकटपणा येतो, मात्र यीस्ट घालण्यापूर्वी ती उकड कोमट व्हायला हवी.

नुसत्या ज्वारीचा ब्रेड जड होतो, म्हणून २०० ग्रॅम ज्वारी, १५० ग्रॅम तांदळाचे पीठ आणि १५० ग्रॅम टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्यापासून करतात तो स्टार्च) असे मिश्रण करावे. पीठ एकदाच, तेही दीडपटीपर्यंतच फुगू द्यावे. दुप्पट होण्याची वाट पाहिल्यास ते ओव्हनमध्ये कोसळते. ब्रेडच्या मध्यभागी ९७ अंश सेल्सिअस तापमान येईपर्यंत तो भाजावा आणि किमान दोन तास कापू नये, कारण गरम असताना आतला भाग अजून ओलसर व चिकट असतो.

घरात सीलिएकचा (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या आजाराचा) रुग्ण असल्यास, गहू दळणाऱ्या गिरणीतून ज्वारी दळून आणू नये. भारतात ग्लुटेनविरहित पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते, आणि जात्यात राहिलेले थोडेसे गव्हाचे पीठही ही मर्यादा सहज ओलांडू शकते.