मुंबईतून पैसे पाठवताय? गावच्या भातशेतीसाठी खत घेताना या चुका टाळा

जून सरत आला की भांडुप, लालबाग, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत गावाकडून एक फोन येतो. "रोप वर आलंय, लावणीला खत लागेल, पैसे टाक." आपण डब्याच्या सुट्टीत मोबाईलवरून चार-पाच हजार पाठवतो आणि कामाला लागतो. कोणतं खत, किती, कशासाठी, हे विचारायचं राहूनच जातं. मीही कित्येक वर्षं विचारलं नाही. माणगाव तालुक्यात आमची दीड एकर भातशेती आहे. थोरला भाऊ, म्हणजे दादा, कसतो आणि खताचा खर्च माझ्याकडे. 2022 मध्ये डीएपी या खताची गोणी 1,200 वरून 1,350 रुपयांवर गेली, पोटॅश खताची 1,700 पर्यंत चढली, तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघं वही घेऊन बसलो. त्या वहीतून ज्या चुका दिसल्या, त्या इथे सांगतोय. पैसे पाठवणाराही या खरेदीत तितकाच जबाबदार असतो, म्हणून हे मुंबईकरांसाठी.

गोणीचा भाव बघणं, आतल्या किलोचा नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पिकाला गोणी लागत नाही, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश खतातून मिळणारं पोटॅशियम) लागतं. गोणीवरचे आकडे म्हणजे शंभर किलोत किती किलो अन्नद्रव्य, याचा हिशोब.

युरियात 46 टक्के नत्र असतं. 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना, म्हणजे 20.7 किलो नत्र. किलोला साधारण 13 रुपये पडले. डीएपी म्हणजे 18:46. पन्नास किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. 1,350 रुपयांतून नत्राचे युरियाच्या दराने 116 रुपये वजा करा, उरलेल्या 1,234 रुपयांत 23 किलो स्फुरद आलं. किलोला 53-54 रुपये.

आता सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात 16 टक्के स्फुरद, म्हणजे गोणीत 8 किलो. डीएपीच्या दराने त्याची किंमत साधारण 430 रुपये होते. दुकानदार त्याहून जास्त सांगत असेल, तर वरचे पैसे तुम्ही गंधक आणि कॅल्शियमसाठी मोजताय. गंधकाची गरज असलेल्या जमिनीत ते योग्यच आहे. पण "सुपर स्वस्त, डीएपी महाग" असं नुसत्या गोणीकडे बघून ठरवू नका.

15:15:15 चंही तसंच. चेंबूरवरून जाताना दिसणारा ट्रॉम्बेचा आरसीएफचा कारखाना 'सुफला' या नावाने हेच खत बनवतो, त्यामुळे मुंबईकराला ते ओळखीचं वाटतं. गोणीत तिन्ही अन्नद्रव्यं साडेसात-साडेसात किलो. पोटॅशची गोणी 1,700 ला धरली, तर तेवढीच अन्नद्रव्यं सुटी घेऊन साधारण 925 रुपयांत येतात. संयुक्त खताच्या प्रत्येक दाण्यात तिन्ही असतात, शेतात सारखं पडतं, मजुरी वाचते. ही सोय मोलाची आहे. तिच्यासाठी किती जास्त द्यायचे, ते मात्र आकडा समोर ठेवून ठरवा.

युरिया स्वस्त म्हणून दोन घमेली जास्त

युरियाची किंमत सरकार ठरवतं, म्हणून ती वर्षानुवर्षं जवळपास जागच्या जागी आहे. स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना 2010 पासून अन्नद्रव्यांच्या प्रमाणात ठरावीक अनुदान मिळतं. पोटॅश आपण बाहेरूनच आणतो, डीएपीचाही मोठा भाग आयातीचा, त्यामुळे परदेशातला भाव हलला की ही खतं हलतात. याचा परिणाम शेतात दिसतो. महाग ते वगळलं जातं, स्वस्त ते ओतलं जातं.

आमच्या वहीत हेच निघालं. दीड एकराला दादा दोन गोण्या डीएपी आणि चार गोण्या युरिया टाकत होता. पोटॅश शून्य. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद आणि 50 पालाश अशी शिफारस आहे. दीड एकराला ते 60, 30 आणि 30 किलो होतं. म्हणजे 65 किलो डीएपी, 105 किलो युरिया आणि पोटॅशची एक गोणी पुरते. युरिया जवळजवळ पावणेदोन गोण्या जास्त जात होता! भात हिरवंगार दिसायचं आणि आम्ही खूश व्हायचो. मग करपा रोग यायचा, तुडतुडे ही कीड यायची, पावसाच्या एका झोडीत पीक आडवं व्हायचं.

हेही खरं सांगतो की नव्या हिशोबाने पैसे वाचले नाहीत. पूर्वी 3,766 रुपये जायचे, आता 4,077. पण तेवढ्यात भाताला पालाश मिळू लागलं आणि जादा युरियाची भर थांबली. अर्धीमुर्धी गोणी सुटी मिळत नाही, म्हणून शेजारच्या काकांबरोबर आम्ही गोणी वाटून घेतो.

टाकायची वेळही बघा. स्फुरद-पालाश सगळं लावणीच्या वेळी. नत्र मात्र 40 टक्के लावणीला, 40 टक्के फुटवे येताना आणि 20 टक्के फुलोऱ्याच्या सुमाराला. खाचरात पाणी तुंबलेलं असताना फेकलेला युरिया वाहून जातो नाहीतर हवेत उडतो. आधी पाणी काढा, खत द्या, एक-दोन दिवसांनी पाणी बांधा.

ज्यांच्याकडे माणसं आहेत त्यांनी चारसूत्री या भातलागवडीच्या पद्धतीतल्या युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खत दाबून केलेल्या गोळ्या, जरूर वापराव्यात. रोपांच्या चार चुडांच्या (जुड्यांच्या) मध्ये 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट, सात ते दहा सेंटीमीटर खोल चिखलात खुपसायची. हेक्टरी 170 किलोच्या आसपास ब्रिकेट लागतात. काम कंटाळवाणं आहे, पाठ दुखते, पण खत मुळाशीच राहतं. त्याच पद्धतीत भाताचा पेंढा किंवा तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया झाडाचा) पाला जमिनीत घालतात. पेंढ्यात भरपूर पालाश असतं. तो सगळाच विकून मग पोटॅश विकत आणणं मला पटत नाही.

सगळे धावतात तेव्हाच दुकानात जाणं

पाऊस लागल्यावर गोणी मिळाली तरी नशीब, अशी वेळ येते. तेव्हाच 'लिंकिंग' होतं. एका वर्षी युरियाबरोबर दादाच्या गळ्यात सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या दोन बाटल्या मारल्या. नको म्हटलं तर युरिया नाही. मी फोनवर म्हणालो, "घे, जाऊ दे." ती माझी चूक होती. जबरदस्तीने दुसरा माल देता येत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा असा माल माथी मारला, तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरवर सल्लाही मिळतो. दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवायच्या) मशीनवर अंगठा दिल्यावर निघालेली पावती घ्याच, तिच्याशिवाय तक्रारीला जोर येत नाही. आमच्याकडे आता पावतीचा फोटो आल्याशिवाय मी उरलेले पैसे पाठवत नाही, आणि दादालाही त्याचं वाईट वाटत नाही.

मेमध्ये आंबे-फणसांसाठी गावी जाता, तेव्हाच माती उचला. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचा ढीग सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं अर्धा किलो उरेपर्यंत. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. जमिनीत स्फुरद भरपूर निघालं, तर डीएपीचा खर्च तिथेच कमी होतो.

गोणी घरी आल्यावर

शंका असेल तर चुन्याची डबी काढा. डीएपीचे चार दाणे चुन्याबरोबर तळहातावर चोळले की नाकाला झोंबणारा वास यायला हवा. तापल्या तव्यावर दाणा फुगतो. युरिया तव्यावर पूर्ण वितळतो, मागे काही राहत नाही, आणि पाण्यात विरघळताना हाताला गार लागतो. वेगळं काही दिसलं तर गोणी तशीच बांधून ठेवा आणि नमुना घ्यायला कृषी अधिकाऱ्यांना बोलवा.

19:19:19 हे ठिबकचं आणि फवारणीचं विद्राव्य खत आहे. ते खाचरात फेकायला घेऊ नका. शहरातल्या नर्सरीत किलोच्या पाकिटात मिळणारं खत गावी नेण्याचाही विचार करू नका, भाव बघितला की कळेल.

आणि पडवीतल्या ओल्या जमिनीवर गोणी टेकवू नका. आमच्या एका युरियाच्या गोणीचा असाच दगड झाला होता, पाट्यावर फोडावा लागला. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, उघडी गोणी घट्ट बांधलेली. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या दिवशी मिसळून ठेवलं तर पाणी सुटून चिखल होतो. मिसळायचंच असेल तर खाचराच्या बांधावर, टाकायच्या वेळी.