खाजगी शाळेने सेवा समाप्त केल्यास शिक्षकाने अपील कसे करावे

महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त खाजगी शाळेने, मग ती अनुदानित असो वा विनाअनुदानित, शिक्षकाला सेवेतून कमी केले तर 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियमातील कलम 9 नुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आदेश हाती पडल्यापासून मुदत अवघी 30 दिवसांची असते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदने देण्यात आणि संस्थाचालकांच्या ‘बघू’वर विसंबण्यात ती सहज उलटून जाते. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण संस्थेचे तोंडी आश्वासन हे तसे कारण म्हणून सिद्ध करणे अवघड असते.

म्हणून पहिल्या दिवसापासून तारखेचा पुरावा जपावा. आदेश टपालाने आला असेल तर शिक्का असलेले पाकीटही ठेवावे. हातोहात दिला असेल तर ‘मजकूर अमान्य, केवळ पोच’ असे लिहून तारखेसह सही करावी. लेखी आदेश न देता हजेरीपटावर सही करण्यासच मज्जाव केला असेल, तर आपण कामावर हजर झालो होतो असे पत्र त्याच दिवशी मुख्याध्यापक व संस्थेच्या सचिवांना नोंदणीच्या सुविधेसह स्पीड पोस्टने पाठवावे, अन्यथा शिक्षक स्वतःच गैरहजर राहिला असा बचाव पुढे येतो. दबावाखाली राजीनाम्यावर सही मात्र मुळीच करू नये.

अपिलाचे मुद्दे सेवेच्या स्वरूपावर ठरतात. कायम शिक्षकाला गैरवर्तनासाठी काढण्यापूर्वी याच अधिनियमाखालील 1981 च्या नियमावलीनुसार चौकशी समिती नेमावी लागते आणि तिच्यात शिक्षकाने सुचवलेला एक सदस्य असतो; समितीची रचना, आरोपपत्र आणि साक्षीदारांच्या उलटतपासणीची संधी हे तिन्ही बारकाईने तपासावेत. परिवीक्षाधीन, म्हणजे कायम होण्यापूर्वीच्या चाचणी काळातील, शिक्षकाला असमाधानकारक कामासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन देऊन कमी करता येते. तरीही आदेशात गैरवर्तनाचा ठपका असेल, तर चौकशीविना दिलेली ती शिक्षाच आहे, असा युक्तिवाद करता येतो.

अपिलासोबत नियुक्तीपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांचे मान्यतापत्र व वेतनाच्या नोंदी जोडाव्यात. थकीत वेतन मागताना मधल्या काळात अन्यत्र नोकरी नव्हती, हे तसे असल्यास स्पष्ट लिहावे, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात थकीत वेतनासाठी असे कथन आवश्यक मानले आहे. आदेशाच्या स्थगितीचा अर्जही अपिलाबरोबरच द्यावा, म्हणजे संस्थेने त्या पदावर दुसरी नेमणूक करण्यापूर्वी न्यायाधिकरणाला त्याचा विचार करता येईल.