रूटचे हक्क कसे सोडावेत: स्वतः लिहिलेली लिनक्स सर्व्हिस साध्या युजरवर उतरवताना

"रूटने सुरू करायची, पोर्ट उघडायचा, मग एक सेटयूआयडी मारायचा, झालं काम." हा सल्ला महापेच्या टपरीवर मी इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी सुरुवात केली की कटिंग संपवतो आणि उठतो. (रूट म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं, यूआयडी म्हणजे युजरचा आकडा, आणि सेटयूआयडी म्हणजे चालू प्रोग्रॅमचा तो आकडा बदलणारा कॉल.) पोर्टापर्यंत सगळं बरोबर आहे. घोळ त्या 'एक सेटयूआयडी'त आहे, आणि तो मी स्वतः घालून बसलोय.

तुम्हाला सी येतं आणि मॅन पेज उघडून वाचायचा कंटाळा नाही, एवढं धरून चालतो.

लिहिणं टळतंय का ते आधी बघा

सर्व्हिस सिस्टमडीखाली (लिनक्समधला सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) चालणार असेल तर तिच्या सेटिंगच्या, म्हणजे युनिट फाइलमध्ये युजर आणि ग्रुपची एकेक ओळ टाका. तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आधीच हक्क उतरलेले असतात. १०२४ च्या खालचा पोर्ट हवा म्हणून रूट लागतं, हे कारणही फारसं उरलेलं नाही. त्या एका कामापुरती वेगळी कॅपेबिलिटी, म्हणजे रूटच्या हक्कांतला एक सुटा तुकडा, देता येते. निम्म्या वाचकांनी इथेच थांबलं तरी चालेल. ज्यांना जुनं मशीन, कंटेनर किंवा साहेबांचा हट्ट यांपैकी काहीतरी आडवं येतंय, त्यांनी पुढे वाचावं.

खातं वेगळंच काढा

'नोबडी' नावाचं आयतं खातं वापरू नका. लिनक्समध्ये साध्या युजरने दुसऱ्या प्रोसेसला सिग्नल पाठवायचा तर पाठवणाऱ्याचा रिअल (मूळ युजरचा) किंवा इफेक्टिव्ह (ज्यावर हक्क ठरतात तो) यूआयडी हा घेणाऱ्याच्या रिअल किंवा सेव्ह्ड (परत घेता यावा म्हणून राखून ठेवलेल्या) यूआयडीशी जुळावा लागतो. जुळला की सिगकिल, म्हणजे प्रोसेस जागच्या जागी मारणारा सिग्नल, तोसुद्धा जातो. चार सर्व्हिसेस एकाच नोबडीवर बसवल्या तर त्यातली एक फुटली की ती बाकीच्या तिघींना मारू शकते. खातं काढायला एक कमांड लागते, त्यात कंजुषी कशाला?

रूटची कामं उरका

पोर्ट, लॉग फाइल, खाजगी की: जे जे रूटशिवाय उघडत नाही ते उघडून घ्या. थ्रेड मात्र एकही सुरू करू नका. का ते पुढे येईल.

आता उतरा, पण क्रमाने

इथे मी आपटलो होतो. सेंटओएस ५ चे दिवस. ऑफिसात बाहेरून फाइली स्वीकारणारी एक छोटी सर्व्हिस लिहिली होती. आधी सेटयूआयडी, मग सेटजीआयडी (ग्रुपचा आकडा, म्हणजे जीआयडी, बदलणारा कॉल). दोघांच्याही रिटर्न व्हॅल्यूकडे ढुंकून पाहिलं नाही. चालवली, पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) मध्ये युजरचं नाव बरोबर दिसलं, खूश होऊन कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडली. कित्येक महिने ती तशीच चालू होती.

एके दिवशी शेजारच्या टीममधल्या एका ताईंनी माझ्याच खुर्चीमागे उभं राहून विचारलं, "याचं प्रॉकमधलं स्टेटस बघितलंस का कधी?" बघितलं नव्हतं. प्रॉक म्हणजे कर्नल जिथे प्रत्येक प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा. यूआयडीच्या ओळीत चार वेळा ५०१, छान. जीआयडीच्या ओळीत चार वेळा शून्य. आणि ग्रुप्सच्या ओळीत: ० १ २ ३ ४ ६ १०. त्या वेळच्या सेंटओएसवर रूट स्वतः जितक्या ग्रुपांत असायचा, ते सगळे ग्रुप माझ्या सर्व्हिसला चिकटलेले. त्यातला ६ म्हणजे 'डिस्क'. या ग्रुपला हार्डडिस्क थेट, ब्लॉकच्या ब्लॉक वाचता येते. म्हणजे शॅडो फाइलवर (पासवर्डचे हॅश असतात ती) परवानगी नसली तरी ती फाइल ज्या डिस्कवर आहे ती अख्खी डिस्क माझी 'साधी' सर्व्हिस वाचू शकली असती. बाहेरून फाइली घेणारी सर्व्हिस! ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या "हं" म्हणाल्या. तो "हं" अजून आठवतो.

झालं काय होतं? सेटयूआयडीने रूटपण गेलं. त्यानंतर ग्रुप बदलायचा अधिकारच उरला नव्हता, म्हणून सेटजीआयडीला कर्नलने नकार दिला. तो नकार मी वाचलाच नाही. आणि जादाचे ग्रुप काढायला सेटग्रुप्स नावाचा तिसरा कॉल लागतो, हे तर मला माहीतच नव्हतं. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीतून भाडेकरू निघून गेला, फ्लॅटची किल्लीही दिली, पण पार्किंगचा स्टिकर आणि क्लबहाउसचं कार्ड त्याच्याच खिशात राहिलं, तसला प्रकार.

तर क्रम असा, आणि यात बदल नाही: आधी सेटग्रुप्स (किंवा इनिटग्रुप्स), मग जीआयडी, सगळ्यात शेवटी यूआयडी. ज्याच्या जोरावर बाकीचं सोडता येतं ते शेवटी सोडायचं.

दुसरा मुद्दा, सेटयूआयडी वापरू नका, सेटरेसयूआयडी वापरा. कर्नल प्रत्येक प्रोसेसचे रिअल, इफेक्टिव्ह आणि सेव्ह्ड असे तीन यूआयडी ठेवतो (लिनक्समध्ये फाइलसिस्टमसाठी चौथाही, तो इफेक्टिव्हच्या मागे मागे जातो). सेटयूआयडीचं वागणं परिस्थितीप्रमाणे बदलतं: हक्क असतील तर तिन्ही बदलतो, नसतील तर फक्त इफेक्टिव्ह. २००० साली लिनक्स २.२ मध्ये नेमकं हेच अंगलट आलं. सेंडमेलसारखा (मेल पोचवणारा, रूटच्या हक्कांनी चालणारा) प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याची यूआयडी बदलायची कॅपेबिलिटी काढून घेता येत होती. मग आतला सेटयूआयडी "यशस्वी" व्हायचा, पण सेव्ह्डमध्ये रूट तसाच बसलेला असायचा. २.२.१६ मध्ये कर्नल दुरुस्त झाला. सेटरेसयूआयडीला तिन्ही आकडे तुम्हीच देता, अंदाज बांधायला जागा उरत नाही. फक्त इफेक्टिव्ह बदलणारा सेटईयूआयडी तर हक्क सोडण्यासाठी नाहीच. तो तात्पुरता कोट काढून खुंटीला अडकवण्यासाठी आहे. तुमच्या प्रोसेसमध्ये घुसलेला माणूस तो कोट परत घालणार.

तिसरा, रिटर्न व्हॅल्यू तपासा आणि बिघडलं तर तिथल्या तिथे प्रोग्रॅम संपवा. लॉगमध्ये इशारा लिहून पुढे जाणं म्हणजे न तपासण्यासारखंच. "रूटचा सेटयूआयडी कधी फेल होतो का?" असं छाती काढून विचारणारे भेटतात. होतो. जुन्या कर्नलमध्ये ज्या युजरवर उतरायचं त्याच्या प्रोसेसची मर्यादा आधीच भरलेली असली तर तो फेल व्हायचा. अँड्रॉइडच्या एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देणाऱ्या) सर्व्हिसला २०१० मध्ये असंच फसवलं गेलं: त्या युजरच्या नावाने मर्यादा भरेपर्यंत प्रोसेस काढायच्या, मग सर्व्हिसला मारायचं, ती रूट म्हणून पुन्हा उठायची, उतरायला जायची, फेल व्हायची, आणि न तपासल्यामुळे रूटच राहायची. लिनक्स ३.१ पासून ही मर्यादा तिथे आडवी येत नाही, एक्झेकच्या, म्हणजे नवा प्रोग्रॅम चढवायच्या, वेळी तपासली जाते. पण मेमरी कमी पडली तर आजही फेल होतो, आणि कंटेनरच्या युजर नेमस्पेसमध्ये (आतले यूआयडी बाहेरच्या यूआयडींशी जोडणारी सोय) तो यूआयडी मॅप केलेला नसेल तरीही होतो.

चौथा मुद्दा थ्रेडचा, आणि इथे सिग्नल व हक्क एकमेकांत कसे गुंततात ते दिसतं. पॉसिक्स (युनिक्ससारख्या सिस्टमचं मानक) म्हणतं, यूआयडी अख्ख्या प्रोसेसचा. लिनक्स कर्नल म्हणतो, यूआयडी प्रत्येक थ्रेडचा वेगळा. २.६.२९ पासून कर्नलमध्ये हे हक्क 'क्रेड' नावाच्या वेगळ्या स्ट्रक्चरमध्ये असतात. बदल करायचा तर त्याची प्रत काढायची, प्रतीत बदल करायचा, मग ती जागेवर बसवायची. आणि हे ज्याने त्याने स्वतःपुरतंच करायचं, दुसऱ्याचं बाहेरून बदलता येत नाही. मग एका थ्रेडने सेटयूआयडी केला तर बाकीच्यांचं काय? ग्लिबसी (लिनक्सवरची सीची नेहमीची लायब्ररी) पडद्याआड प्रत्येक थ्रेडला ३३ नंबरचा एक राखीव सिग्नल पाठवते आणि त्याच्या हँडलरमध्ये (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) प्रत्येक थ्रेड तोच सिस्टम कॉल स्वतः करतो. तुम्ही ग्लिबसीला वळसा घालून थेट सिस्टम कॉल केलात की एकच थ्रेड साधा होतो, बाकीचे रूट, आणि पीएसला पत्ता नाही. गो भाषेत तर १.१६ येईपर्यंत लिनक्सवर सेटयूआयडी चालतच नव्हता. म्हणून म्हटलं, आधी उतरा, थ्रेड नंतर.

आणि हे सगळं झाल्यावर मुद्दाम परत शून्य यूआयडी मागून बघा. मिळाला तर प्रोग्रॅम ताबडतोब अबॉर्ट करा. दोन ओळींचं काम आहे, मी ते प्रत्येक सर्व्हिसमध्ये ठेवतो.

सिग्नल धरा, हँडलर रिकामा ठेवा

सिगअ‍ॅक्शन वापरा, सिग्नल नावाचा जुना कॉल नको. सिगटर्मवर बंद व्हायचं, सिगहपवर सेटिंग पुन्हा वाचायचं, सिगपाइप (समोरचा निघून गेल्यावर लिहिलं की येतो तो) दुर्लक्षित करायचा.

हँडलरमध्ये एक फ्लॅग लावा किंवा पाइपमध्ये एक बाइट टाका, बाकी काही नाही. प्रिंटएफ नको. मुख्य कोड मॅलॉकचं कुलूप धरून बसलेला असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही तेच कुलूप मागितलं, की प्रोसेस कायमची गप्प. हे टेस्टिंगमध्ये सापडत नाही, शनिवारी रात्री सापडतं. फ्लॅग तपासून पोलमध्ये (काही येईपर्यंत वाट बघणारा कॉल) झोपायच्या मधल्या फटीत सिग्नल येऊन वाया जाऊ शकतो, त्यासाठी पीपोल किंवा सिग्नलएफडी आहे.

साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. कर्नल प्रलंबित सिग्नलसाठी एक बिट लावतो. पहिला पोचायच्या आत तोच अजून तीनदा आला तरी तुम्हाला एकच मिळणार. म्हणून सिगचाइल्ड (पोर-प्रोसेस संपल्याचा सिग्नल) आला की एकदा वेटपीआयडी करून भागत नाही, मेलेलं पोर सापडायचं थांबेपर्यंत फिरायचं.

चालू सर्व्हिसवर तपासा

तेच प्रॉकमधलं स्टेटस. यूआयडी आणि जीआयडीच्या चारही आकड्यांत शून्य कुठेही नको, ग्रुप्सच्या ओळीत अनोळखी आकडा नको. खाली सिगसीजीटीची ओळ असते, म्हणजे कुठले सिग्नल धरलेत त्याचा हेक्स आकडा. शेवट ४००१ असेल तर सिगहप (१) आणि सिगटर्म (१५) धरलेले आहेत. मधेच, शेवटून नवव्या-आठव्या जागी, १८ दिसलं तर घाबरू नका, ते ३२ आणि ३३ नंबर ग्लिबसीचे स्वतःचे आहेत.

उतरल्यावर तीन गोष्टी गुपचूप बदलतात. एक, रूट म्हणून मागे ठेवलेल्या मदतनीस प्रोसेसला आता तुम्ही सिग्नल पाठवू शकत नाही, परवानगी नाही असं उत्तर येतं. ती जिवंत आहे का एवढंच बघायचं असेल तर शून्य नंबरचा सिग्नल पाठवा: परवानगी नाही म्हणाला तर जिवंत आहे, अशी प्रोसेसच नाही म्हणाला तर गेली. दोन, सर्व्हिस कोसळली तरी कोअर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) पडत नाही, कारण हक्क बदलले की कर्नल डंपेबल फ्लॅग काढून टाकतो. हवी असेल तर पीआरसीटीएल या कॉलने तो परत लावा, पण मेमरीत खाजगी की आहे हे विसरू नका. मी लावत नाही. तीन, आई-प्रोसेस मेली तर मला अमुक सिग्नल दे, अशी सोय तुम्ही पीआरसीटीएलने आधी करून ठेवली असेल तर यूआयडी बदलताच ती पुसली जाते. ती ओळ उचलून सेटरेसयूआयडीच्या खाली आणा, आणि लगेच आईचा पीआयडी एकदा विचारून घ्या. मधल्या वेळात ती गेलेली असेल तर तो सिग्नल कधीच येणार नाही.