इंटर्व्हल ट्रेनिंग सुरू करायचंय? मग आधी हळू व्हायला शिका

इंटर्व्हल ट्रेनिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर घामाने निथळणारा, जमिनीवर आडवा पडलेला कोणीतरी येतो आणि मग "आपल्याच्यानं नाही होणार बुवा" म्हणून विषय तिथंच संपतो. खरं तर यात एवढंच आहे की थोडा वेळ जोर लावायचा, मग थोडा वेळ हळू व्हायचं, की परत जोर. आणि माझं मत विचाराल तर यातला महत्त्वाचा भाग हळू होण्याचाच आहे, कारण तिथं दम परत आला नाही तर पुढच्या वेळी जोर लागतच नाही, नुसती फरफट होते. मी स्वतः सुरुवातीला हेच केलं, विश्रांती घेणं म्हणजे कमीपणा वाटायचा, तिसऱ्या राउंडला पाय जड आणि दुसऱ्या आठवड्यात पोटऱ्या धरल्या.

फायदा कुठून येतो ते बघा. सलग जोरात गेलात तर तीन-चार मिनिटांत गळपटता, पण मधे मधे दम खाल्ला तर त्याच जोराची बारा-पंधरा मिनिटं सहज भरतात, म्हणजे हृदयाला जड काम जास्त वेळ मिळतं. मग ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंच्या पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे छोटे भाग, वाढतात, स्नायू रक्तातली साखर जास्त चांगली उचलतात. रोजच्या जगण्यात याचा अर्थ जिना चढून वर गेल्यावर बोलता येतं, एवढा साधा.

आता सुरुवात. धावायचं नाही, चालायचं. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या टीमने मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांकडून 3 मिनिटं झपाझप, 3 मिनिटं आरामात असं चालवून घेतलं, असे 5 सेट, आठवड्यातून 4 दिवस, 5 महिने. 2007 साली निकाल छापून आले, एकाच मध्यम वेगाने चालणाऱ्यांपेक्षा यांच्या मांड्यांची ताकद आणि दमसास जास्त वाढला, बीपीही जास्त उतरलं. तुम्हीही हेच करा, आधी 5 मिनिटं सावकाश चालून अंग गरम करायचं, मग मोबाइलवर टायमर लावून सेट सुरू. पहिल्या आठवड्यात 2-3 सेट झाले तरी चालेल.

झपाझप म्हणजे किती? घड्याळ नसलं तरी अडत नाही. जोराच्या वेळी तीन-चार शब्द बोलता आले पाहिजेत पण गप्पा मारता येता कामा नयेत, आणि हळू चालताना पूर्ण वाक्य निवांत बोलता आलं पाहिजे. ते येत नसेल तर अजून एक मिनिट हळू चाला, टायमर काय म्हणतो ते सोडून द्या.

महिना-दीड महिन्यात हे सोपं वाटायला लागलं की 1 मिनिट जॉगिंग, 2 मिनिटं चालणं, असं 6-8 वेळा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल किंवा पोहणं, नाहीतर चढावर चालणं, हृदयाला काय फरक पडत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नॉर्वेवाल्यांचं 4 बाय 4: 10 मिनिटं वॉर्मअप, मग 4 मिनिटं कमाल हार्ट रेटच्या (हृदय जास्तीत जास्त जितकं जोरात धडधडू शकतं त्याच्या) 85 ते 95 टक्क्यांवर, 3 मिनिटं हळू, असं चार वेळा. हे मात्र घाईघाईत उचलू नका.

आणि ते तबाता. मोबाइलवर दिसेल त्याला तबाता म्हणायची फॅशन आहे, पण ज्यांच्यावरून हे नाव आलं त्या जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या 1996 च्या प्रयोगात 20 सेकंद सायकलवर अक्षरशः जीव तोडून आणि 10 सेकंद थांबून असे 7-8 राउंड होते, तेही तरुण, व्यायामात मुरलेल्या मुलांकडून. सोफ्यावरून उठून करायचा प्रकार नाही तो.

व्यायाम संपल्यावरही तासन्‌तास चरबी जळत राहते वगैरे ऐकलं असेल, थोडं जळतं पण फार नाही, वजनासाठी जेवणच बघावं लागतं. वेळ मात्र खरंच वाचतो.

झपाझप चालण्याच्या पुढचे, म्हणजे जॉगिंग किंवा 4 बाय 4 सारखे जोराचे इंटर्व्हल आठवड्यातून 2-3 दिवसच, सलग दोन दिवस नकोत, बाकीचे दिवस साधं चालणं. हृदयाचा त्रास, वाढलेलं बीपी किंवा डायबेटिसची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांबायचं, एवढा सेट पूर्ण करतो म्हणून रेटायचं नाही.

शेवटचा राउंड पहिल्यापेक्षा फार मंदावत असेल तर पहिला उगाच जोरात मारलाय, पुढच्या वेळी तो थोडा हळू घ्या.