एलएमडीबी सतत 'मॅप फुल' म्हणतंय? या चुका टाळा

एलएमडीबी हा एका फाइलमध्ये डेटा ठेवणारा छोटा डेटाबेस, त्यात मॅप साइज (फाइल जास्तीत जास्त किती वाढू शकते तो आकडा) सेटच केली नाही तर डिफॉल्ट मिळते फक्त १० एमबी, टेस्टिंगला तेवढी पुरते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि खरा डेटा यायला लागला की राइट फेल, एरर -३०७९२. कंजूषी करायचं काही कारणच नाही, कारण हा आकडा म्हणजे अ‍ॅड्रेस स्पेसची (प्रोसेसला मेमरीत मिळणाऱ्या पत्त्यांची) कमाल मर्यादा, ६४-बिट लिनक्सवर ती ऐसपैस ठेवली तरी फाइल डेटा येईल तशीच वाढते. ३२-बिटवर मात्र जपून.

पण साइज वाढवली, काही दिवसांनी परत फुल, परत वाढवली, असं चाललं असेल तर थांबा आणि आधी रीडर, म्हणजे डेटा वाचणारी ट्रान्झॅक्शन्स, बघा. ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात उशिरा सापडते. एखादं रीड ट्रान्झॅक्शन उघडं राहिलं की त्यानंतर मोकळी झालेली पानं (फाइलचे ठराविक आकाराचे तुकडे) एलएमडीबी परत वापरतच नाही, कारण त्या रीडरला जुना स्नॅपशॉट (वाचन सुरू झालं तेव्हाचा डेटा) जसाच्या तसा दिसायला हवा, मग डेटा तेवढाच असून फाइल फुगत जाते. एमडीबी स्टॅट कमांडला आर फ्लॅग द्या, कोणता पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) कुठल्या ट्रान्झॅक्शनवर अडकलाय ते दिसतं. प्रोसेस मेलेली असेल तर एलएमडीबीचं रीडर चेक फंक्शन तिची नोंद साफ करतं, जिवंत असेल तर कोडच सुधारायला लागेल.

"जुनं डिलीट करू, जागा होईल" हेही ऐनवेळी फसतं बरं का! डिलीट करतानासुद्धा पानांची नवी कॉपी बनते, त्यामुळे अगदी काठोकाठ भरलेल्या मॅपवर डिलीटलाच मॅप फुल येऊ शकतं. म्हणून थोडी जागा शिल्लक असतानाच हालचाल करा.

साइज वाढवताना त्या प्रोसेसमधलं एकही ट्रान्झॅक्शन चालू नको, फेल झालेलं आधी अबॉर्ट (रद्द) करा, मग साइज बदला, मग तेच काम पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या प्रोसेसला 'मॅप रिसाइज्ड' एरर आली तर तिथे साइज ० देऊन सेट करायची, नवा आकडा ती आपोआप उचलते.

फाइल लहान करायची असेल तर डिलीट करून होत नाही, एमडीबी कॉपी कमांड सी फ्लॅग लावून चालवा, म्हणजे मोकळी पानं वगळून नवी कॉपी बनते, आणि सगळ्या प्रोसेस बंद करून जुन्या फाइलच्या जागी ती ठेवा. फक्त कॉपी स्वतःच एक लांबलेला रीडर असते, तेव्हा जोरात राइट चालू असताना ती लावू नका, मूळ फाइल अजून फुगेल.